प्रोजेक्शन टेक्निशियन व्हायचंय : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

सिनेमा थिएटरच्या केबिनमधल्या कामाबद्दल पत्रं अधूनमधून येतच असतात, यावेळी बरीच साठली म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापली नाहीत, कारण लिहिणाऱ्यांपैकी बरेचजण सध्या नोकरीत आहेत आणि आपल्या थिएटरातल्या अडचणी त्यांनी मोकळेपणाने लिहिल्यात.

प्रश्न : सर नमस्कार, माझी बारावी सायन्स झालीय. सिनेमाचं वेड लहानपणापासून आहे पण ॲक्टिंग-डिरेक्शनचं नाही, मला त्या केबिनमधल्या मशीनचं वेड आहे. प्रोजेक्टर टेक्निशियन व्हायला कुठला कोर्स करायचा? घरचे म्हणतात बटण दाबायचं काम ते, त्यात करिअर कसलं.

उत्तर : घरच्यांची गल्लत होतेय ती ऑपरेटर आणि टेक्निशियन या दोघांत. ऑपरेटर शो चालवतो, सिनेमा सर्व्हरवर (सिनेमाच्या फाइल साठवून चालवणारा कॉम्प्युटर) चढवतो, प्लेलिस्ट लावतो, वेळेवर लाइट जाऊन पडदा उजळेल हे बघतो. टेक्निशियन ते सगळं सामान बसवतो, जोडतो, ॲडजस्ट करतो, ठरल्या वेळी सर्व्हिसिंग करतो आणि शो बंद पडला की रात्री-बेरात्री फोन त्यालाच येतो. दोन्ही कामं मानाची आहेत, बरेच चांगले टेक्निशियन आधी ऑपरेटरच होते, पण शिकायचं वेगवेगळं असतं.

आता कोर्स. या कामाची म्हणून स्वतंत्र डिग्री बहुतेक ठिकाणी नसतेच, त्यामुळे ती शोधत वर्ष घालवू नकोस. आधी इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा कर, मग थिएटरात सामान बसवून देणाऱ्या एखाद्या कंपनीत ज्युनिअर म्हणून लाग, आणि तिथं जरा हात बसला की मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचं ट्रेनिंग घे. बार्को, क्रिस्टी या प्रोजेक्टरवाल्या, साउंडमध्ये डॉल्बी, सर्व्हरमध्ये जीडीसी, यांची आपापल्या मशीनची ट्रेनिंग असतात, काही ऑनलाइन, काही प्रत्यक्ष मशीन उघडून. ते सर्टिफिकेट त्या कंपनीच्या मशीनपुरतं असतं हे लक्षात ठेव. आणि बहुतेक वेळा ते नोकरी देणारी कंपनीच करवून घेते, स्वतःच्या खिशातून आधीच करून बसायची घाई नको.

त्याआधी पाया पक्का पाहिजे, आणि तो चार विषयांचा आहे : वीज, प्रकाश, आवाज आणि नेटवर्क. वीज म्हणजे ओहमचा नियम पाठ असणं एवढंच नाही, न्यूट्रल सैल झाला की काय होतं, अर्थिंग नीट नसेल तर स्पीकरमध्ये हम (घूंऽऽ असा आवाज) का येतो, हे मीटर हातात धरून कळलं पाहिजे. प्रकाशात लेन्स, फोकल लेंग्थ, आणि चित्र दुप्पट रुंद केलं की तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरतो हा साधा हिशोब. नेटवर्कमध्ये आयपी ॲड्रेस, सबनेट, स्विच, थोडी लिनक्सची कमांड लाइन, कारण आजचा प्रोजेक्टर निम्मा कॉम्प्युटरच आहे. आवाजाबद्दल पुढे एका पत्रात लिहिलंय.

आणि एक सवय आत्तापासून लाव. अंदाज करायचा नाही, मोजायचं. मोजल्याशिवाय पार्ट बदलणारे टेक्निशियन खूप आहेत, मोजून मग स्क्रूड्रायव्हरला हात लावणारे कमी आहेत, आणि काम शेवटी त्यांच्याचकडे येतं.

प्रश्न : मी मल्टिप्लेक्समध्ये ऑपरेटर आहे. एका स्क्रीनवर चित्र काळपट दिसतं, प्रेक्षक तक्रार करतात. मॅनेजरांनी नवीन लॅम्प टाकायला लावला, थोडे दिवस बरं वाटलं, परत तेच. टेक्निशियन लोक अशा वेळी सुरुवात कुठून करतात?

उत्तर : खुर्चीतून. केबिनमध्ये नंतर जायचं. हॉलमध्ये मधल्या रांगेत बसायचं, सर्व्हरवरून किंवा प्रोजेक्टरमधून पूर्ण पांढरा टेस्ट पॅटर्न लावायचा आणि स्पॉट मीटरने (एका ठिपक्याचा उजेड मोजणारं यंत्र) पडद्याच्या मध्यावर रीडिंग घ्यायचं. टू-डी सिनेमासाठी ते १४ फूट-लँबर्ट म्हणजे ४८ कँडेला प्रति चौरस मीटर पाहिजे, थोडं खालीवर चालतं. मग चारही कोपरे मोजायचे, तिथे मध्यापेक्षा कमी येणारच पण पाऊण भाग तरी उजेड पाहिजे. हे आकडे लिहून ठेवा, तारीख टाका, लॅम्पचे तास टाका. हा कागद नसेल तर पुढे काहीही केलं तरी फरक पडला की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, सगळे म्हणत राहतात मला बरं वाटतंय, मला नाही वाटत.

आता वर जा आणि पहिल्यांदा केबिनच्या खिडकीची काच बघा, ज्यातून उजेड हॉलमध्ये जातो ती. दोन्ही बाजूंनी. आतली बाजू सगळे पुसतात, हॉलकडची बाजू शिडी लावल्याशिवाय हाताला येत नाही म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते. एका थिएटरात मी बॅटरी तिरकी धरून बघितली तर त्या बाजूला पिवळट तेलकट थर होता, खालच्या कोपऱ्यात धूळ चिकटून कडक झालेली, आणि मालक नवीन प्रोजेक्टरचं कोटेशन मागवायच्या बेतात होते. काच पुसली आणि त्याच खुर्चीतून पुन्हा मोजलं तेव्हा कोटेशनचा विषय तिथेच संपला.

काच ठीक असेल तर पुढचं बघा. थ्री-डीचा फिल्टर उजेडाच्या वाटेत तसाच राहिलाय का, हे फार वेळा होतं आणि त्यात निम्म्याहून जास्त उजेड जातो. लेन्सवर धूळ. एअर फिल्टर चोंदलेत का, कारण हवा कमी पडली की मशीन गरम होतं आणि लॅम्पचं आयुष्यही घटतं. एक्झॉस्टची ओढ. रिफ्लेक्टर. लॅम्प नवीन टाकला पण त्याचं अलाइनमेंट केलं का, तो मागेपुढे, वरखाली, डावीउजवीकडे सरकवून जास्तीत जास्त उजेड कुठे मिळतो ते बघावं लागतं, नुसता बसवून झाकण लावलं तर नव्या लॅम्पचा उजेड वाया जातो, तुमच्याकडे यातलंच काहीतरी झालं असावं असं मला वाटतं. शेवटी पडदा स्वतः, तोही जुना होतो, पिवळा पडतो, आणि सिल्व्हर स्क्रीन (थ्री-डीसाठी चंदेरी लेप दिलेला पडदा) असेल तर मध्ये चकाकतो आणि कडेला बसणाऱ्याला काळा दिसतो, त्यामुळे एकाच खुर्चीतून मोजून भागत नाही.

प्रत्येक पायरीनंतर परत मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशाने झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही परत अंदाजच करणार.

प्रश्न : झेनॉन लॅम्प बदलताना फुटतो आणि माणूस जखमी होतो असं ऐकलंय. शिकताना हे काम टाळता येतं का?

उत्तर : टाळता येणार नाही, आणि भीती वाटतेय हे चांगलं आहे, ती जाऊ देऊ नका. झेनॉन लॅम्प म्हणजे जाड क्वार्ट्झ काचेचा फुगा, आत गॅस दाबून भरलेला. डब्यातून नुकता काढलेला थंड लॅम्प असला तरी आतला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो आणि पेटल्यावर तो अजून वाढतो. म्हणजे हा लॅम्प कधीच 'सेफ' नसतो, ना नवीन, ना जुना.

पद्धत अशी. लॅम्प बंद केल्यावर पंखे चालू राहू द्यायचे, पुरेसा थंड होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, मग मेन बंद, आणि बंद झाल्याची खात्री मीटरने. तोंडावर पूर्ण शिल्ड, नुसता गॉगल नाही, हातात जाड ग्लोव्हज, अंगात गळ्यापर्यंत बंद होणारं जॅकेट. केबिनमध्ये दुसरं कुणी असेल तर त्यालाही शिल्ड, नाहीतर त्याने बाहेर थांबायचं. नव्या लॅम्पवरचं संरक्षक कव्हर कंपनीने सांगितलेल्या पायरीपर्यंत काढायचं नाही. काचेला बोट लागता कामा नये, बोटाचा तेलकटपणा तापल्यावर तिथेच भाजतो आणि काच कमजोर होते, लागलंच तर अल्कोहोलने पुसून घ्यायचं. लॅम्प धरायचा तो टोकांच्या धातूला.

आणि मग हाताचा जोर, जो पुस्तकात वाचून येत नाही. ज्या टोकाचा नट आवळताय तेच टोक दुसऱ्या हाताने धरायचं, पीळ काचेत उतरता कामा नये. पण सैलही ठेवून चालत नाही, कारण या लॅम्पला व्होल्टेज कमी आणि करंट प्रचंड लागतो, ३ किलोवॅटचा लॅम्प साधारण ३० व्होल्टला १०० अँपिअर ओढतो. एवढा करंट सैल जोडातून गेला की तो जोड तापतो. जुना लॅम्प काढाल तेव्हा त्याची टोकं नीट बघा, धातू काळानिळा पडलेला असेल तर तिथला जोड बरेच दिवस तापत होता, आणि नवीन लॅम्प टाकून तो प्रश्न सुटणार नाहीये, आधी केबल आणि क्लॅम्प साफ करा किंवा बदला. प्लस-मायनस दोनदा तपासा, उलटं झालं तर लॅम्प बघताबघता कामातून जातो. पेटवताना इग्नायटर हजारो व्होल्टचा झटका देतो, त्यावेळी झाकण बंदच पाहिजे.

जुना लॅम्प नव्याच्या डब्यात, कव्हर घालून. कचऱ्याच्या डब्यात टाकला तर तिथे कुणाच्या तरी हातात फुटेल, ज्याला त्यात काय आहे ते माहीतही नसतं. पहिल्या काही वेळी सीनिअरच्या शेजारी उभं राहून फक्त बघायला मिळालं तर कंटाळू नका. आणि जी कंपनी शिल्ड आणि जॅकेट न देता लॅम्प बदलायला सांगते तिथे काम करू नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

प्रश्न : नवीन सिनेमाचा पहिलाच शो 'की' चालली नाही म्हणून रद्द करावा लागला. फाइल होती, मेल आला होता, तरी सर्व्हर घेत नव्हता. हे नेमकं काय असतं, आणि टेक्निशियनने यात काय बघायचं?

उत्तर : यासाठी थोडं मागे जावं लागेल. २००२ मध्ये हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी मिळून डीसीआय नावाची संस्था काढली आणि २००५ मध्ये तिचे नियम आले, डिजिटल सिनेमा कसा बनवायचा, कसा पाठवायचा, कसा दाखवायचा. त्यातून जे पॅकेज येतं ते डीसीपी. चित्र जेपेग २००० (चित्र दाबून साठवायची पद्धत) मध्ये, एकतर २०४८ बाय १०८० नाहीतर ४०९६ बाय २१६०, आवाज कॉम्प्रेस न केलेला, आणि शक्यतो सगळं कुलूपबंद म्हणजे एनक्रिप्ट केलेलं. ते उघडणारी किल्ली केडीएम, एक छोटीशी एक्सएमएल फाइल.

ही किल्ली तीन गोष्टींना बांधलेली असते. एक, सिनेमाची नेमकी कुठली आवृत्ती. दोन, कुठला मीडिया ब्लॉक, म्हणजे सर्व्हर किंवा प्रोजेक्टरमधलं ते सुरक्षित कार्ड जिथे चित्र उलगडतं. तीन, कधीपासून कधीपर्यंत. तिन्ही जुळलं नाही तर शो नाही, मध्ये काही जुगाड चालत नाही.

म्हणून तपासताना याच क्रमाने जा. सर्व्हर काय एरर देतोय ते शब्द न शब्द वाचा, फोटो काढा. वेळ सुरू व्हायची असेल तर किल्ली भविष्यातली आहे, कधी टाइम झोनचा घोळ असतो आणि किल्ली काही तास उशिरा उघडते. मीडिया ब्लॉकचा सीरियल नंबर किल्लीतल्या नंबरशी ताडून बघा, माझ्या बघण्यात सर्वात जास्त भानगडी इथेच निघतात, मध्यंतरी कार्ड बदललेलं असतं आणि वितरकाच्या यादीत जुनाच नंबर राहिलेला असतो. कार्ड बदलणाऱ्या टेक्निशियनचं काम कार्ड चालू झालं की संपत नाही, नव्या कार्डचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याची डिजिटल ओळख, सगळ्यांकडे पोचवून, त्यांनी ते नोंदवल्याचं उत्तर येईपर्यंत ते त्याच्याच गळ्यात असतं. तिसरं, आवृत्ती. कधी मूळ पॅकेज येतं आणि नंतर बदललेल्या भागांचं छोटं पॅकेज येतं, दुसरं चढवलं पण पहिलं चढवलंच नाही तर किल्ली बरोबर असूनही चित्र येत नाही.

अजून दोन गोष्टी. त्या मीडिया ब्लॉकचं घड्याळ तुम्हाला हवं तसं फिरवता येत नाही, नियमाने वर्षभरात फार तर ६ मिनिटं पुढेमागे करता येतं, त्यामुळे ते किती सरकलंय हे प्रत्येक सर्व्हिसिंगला लिहून ठेवा. आणि आत बॅटरी असते. ती संपली तर आतली गुप्त सर्टिफिकेटं पुसली जातात आणि कार्ड कंपनीकडे पाठवावं लागतं. २०२० मध्ये जगभर थिएटरं बंद होती तेव्हा म्हणूनच मशीन अधूनमधून चालू ठेवायला सांगितलं जात होतं. थिएटर रिनोव्हेशनला बंद असेल तरी हे विसरू नका.

सर्वात सोपा उपाय मात्र साधाच आहे : किल्ली आली की लगेच चढवा, आणि आदल्या दिवशी सर्व्हर ती मान्य करतोय का ते बघा. पहिल्या शोला अर्धा तास उरला असताना वितरकाचा माणूस फोनवर मिळेलच असं नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांनी फिल्मच्या प्रोजेक्टरवर आयुष्य काढलं. ते म्हणतात आधी ते शीक. पण ते आता कुठे राहिलंय? वेळ वाया जाईल का?

उत्तर : वडील शिकवायला तयार आहेत ना, मग शीकच. अगदी उद्यापासून.

कामं थोडी असतील पण आहेत, फिल्म आर्काइव्ह आणि काही फेस्टिव्हल अजून ३५ एमएम दाखवतात आणि ती मशीन सांभाळणारी माणसं कमी होत चाललीत. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फिल्मच्या प्रोजेक्टरमध्ये सगळं डोळ्यांना दिसतं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म खाली सरकते, पण सरकते ती झटक्याझटक्याने, चार खाचांचं जिनिव्हाचं चक्र एकेका पाव फेऱ्याने दाते फिरवतं आणि बरोबर एक फ्रेम खाली येऊन थांबते. ती सरकताना शटर उजेड अडवतं, आणि थांबलेली असतानाही एकदा अडवतं, म्हणजे डोळ्याला सेकंदाला ४८ वेळा उजेड दिसतो आणि लुकलुक जाणवत नाही. शटरचं टायमिंग जरा जरी चुकलं की पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली धुरकट शेपट्या फुटतात. वडिलांना म्हणावं, मुद्दाम टायमिंग बिघडवून दाखवा आणि मग ते माझ्याकडून दुरुस्त करून घ्या. आवाज चित्राच्या जागीच का वाचत नाहीत, सुमारे २० फ्रेम लांब का वाचतात, तेही विचार. (चित्राला थांबावं लागतं आणि आवाजाला थांबून चालत नाही.) हे एकदा हाताने केलं की डिजिटलमध्ये फ्रेम रेट, फ्लिकर, फोकस, गेट, मास्किंग हे नुसते मेनूतले शब्द उरत नाहीत.

प्रश्न : मला चित्रापेक्षा आवाजाची आवड आहे. या लाइनीत फक्त साउंडचं काम करता येईल का?

उत्तर : मोठ्या कंपन्यांमध्ये साउंडचे वेगळे लोक असतात, छोट्या ठिकाणी एकालाच सगळं बघावं लागतं. सुरुवातीला दोन्ही करा.

थिएटरचा आवाज म्हणजे मोठा म्युझिक सिस्टिम नव्हे. स्टुडिओत मिक्स करणाऱ्याने जे ऐकलं तेच हॉलमध्ये ऐकू यावं म्हणून पातळी ठरलेली आहे : फेडर (आवाजाची मुख्य कळ) ७ वर, पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला सलग खरखराट) लावून, पडद्यामागचा प्रत्येक चॅनल एकेकटा ८५ डेसिबल, सी वेटिंगने (आवाजाच्या मीटरची एक ठरलेली सेटिंग). ५.१ मध्ये सराउंडची प्रत्येक बाजू ८२. मग ॲनलायझर लावून, हॉलमध्ये वेगवेगळ्या जागी माइक ठेवून सरासरी काढून, एक्स कर्व्ह, म्हणजे कुठल्या सुराला किती जोर हवा याची ठरलेली रेषा, जुळवायचा, जो २ किलोहर्ट्झपर्यंत सरळ असतो आणि पुढे प्रत्येक ऑक्टेव्हला (म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की) ३ डेसिबलने उतरतो. इक्वलायझरला हात लावायच्या आधी मात्र पडद्यामागे जा, प्रत्येक स्पीकरसमोर उभं राहून कान लावा. मधल्या चॅनलचा हॉर्न ड्रायव्हर (स्पीकरचा उंच सुरांचा भाग) गेलेला असला तर संवाद रजईखालून आल्यासारखे येतात, आणि लोक ते इक्वलायझरने ट्रेबल वाढवून झाकायला बघतात, मेलेल्या ड्रायव्हरला ट्रेबल किती वाढवणार! आणि पोलॅरिटी तपासायची, एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी असली तर बास कुठे गेला ते शोधत दिवस जातो. हे नीट करणाऱ्याच्या हॉलमध्ये कुजबुजलेलं वाक्यसुद्धा शेवटच्या रांगेत कळतं. मला तरी या कामातलं सर्वात मोठं समाधान त्यातच वाटतं.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, मुलगी आहे. सगळे सांगतात रात्रीचं काम, जड सामान, तुला जमणार नाही.

उत्तर : रात्रीचं काम आहे हे खरं, दिवसभर शो असतात त्यामुळे मोठं सर्व्हिसिंग शेवटचा शो सुटल्यावरच होतं, ते मुलांनाही चुकत नाही. जड सामान एकट्याने उचलायचंच नसतं, प्रोजेक्टर तर दोघांनाही झेपत नाही, त्याला चार माणसं नाहीतर लिफ्ट लागते. कन्व्हर्जन्स म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या चिपची चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसवणं, किंवा रंग जुळवणं, याला बारीक नजर आणि धीर लागतो, ताकद नाही. नोकरी घेताना स्पष्ट विचार : रात्री कामाला दोघांची टीम असते का, परत जायला गाडी मिळते का. हा प्रश्न खरं तर प्रत्येकाने विचारायला हवा. काम तुला जमेल, बिनधास्त ये.

प्रश्न : लेझर प्रोजेक्टर आले, त्यात लॅम्प बदलायचाच नाही. सर्व्हर लांबून इंटरनेटवरून बघतात. मग दहा वर्षांनी टेक्निशियन लागेल का?

उत्तर : काम कमी होणार नाही असं मी म्हणणार नाही, लॅम्प बदलण्याच्या फेऱ्या कमी झाल्यात आणि बऱ्याच बारीकसारीक गोष्टी लांबूनच सुटतात. पण कामाचं स्वरूप बदललंय, ते समजून घ्या.

लेझरचं आयुष्य वीस-तीस हजार तास सांगतात, त्याचा अर्थ तोपर्यंत उजेड तसाच राहतो असा नाही, तो हळूहळू कमी होत निम्म्यावर येतो. लॅम्प निदान बंद पडून सांगायचा, लेझर काही सांगत नाही. म्हणून मोजणारा माणूस आता जास्त लागतो. दुसरं, थंडावा. लेझरला तापमान सांभाळावं लागतं, तिथे पंप, कूलंट, चिलर आला, म्हणजे प्लंबिंगचंही थोडं कळलं पाहिजे. तिसरं, दोन प्रकार आहेत, निळ्या लेझरने फॉस्फर (उजेड पडला की स्वतः चमकणारा पदार्थ) उजळवणारा, आणि लाल-हिरवा-निळा तिन्ही लेझर असलेला. दुसऱ्यात रंग खूप शुद्ध येतात पण काही पडद्यांवर बारीक दाणे चमचमताना दिसतात, त्याला स्पेकल म्हणतात, आणि गंमत म्हणजे मीटर अगदी बरोबर पांढरा दाखवत असतो तरी शेजारी शेजारी बसलेल्या दोघांना तो किंचित वेगळा दिसू शकतो, कारण सगळ्यांचे डोळे सारखे नसतात. डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर, चालू प्रोजेक्टरच्या लेन्समध्ये कधीही बघायचं नाही, कुठल्याही कारणासाठी.

मोठे एलईडी पडदेही आलेत, पहिला २०१७ मध्ये सोलमधल्या थिएटरात लागला. त्यात प्रोजेक्टरच नाही, पण मग नेहमीच्या पडद्यासारखी आवाज जाऊ देणारी बारीक भोकं त्या पडद्याला नाहीत म्हणून मधला स्पीकर मागे ठेवता येत नाही, तो कुठे ठेवायचा हा नवीन प्रश्न. आणि कंपन्यांचंही सांगता येत नाही, सोनीने २०२० मध्ये सिनेमा प्रोजेक्टरमधून बाहेर पडायचं ठरवलं. फक्त एका कंपनीच्या मेनूवर ज्याचं शिक्षण उभं आहे त्याला असा बदल जड जातो, ज्याला मेनूच्या मागची वीज आणि प्रकाश कळतो तो महिनाभरात दुसरं मशीन शिकतो.

प्रश्न : अजून नोकरी नाही, थिएटरात कुणी आत घेत नाही. घरी बसून सराव कसा करायचा?

उत्तर : बरंच करता येतं. डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओचा डीसीपी बनव. एकदा फ्लॅटमध्ये, म्हणजे १.८५ ला, एकदा स्कोपमध्ये, २.३९ ला. मग ते फोल्डर उघडून प्रत्येक फाइल कशाला आहे ते शोध, एक्सएमएल वाच, एखाद्या फाइलचं नाव मुद्दाम बदल आणि काय एरर येतो ते बघ. एनक्रिप्ट केलेला डीसीपीही त्यात बनतो, किल्लीची एक्सएमएलही उघडून वाचता येते. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाक, हार्ड डिस्क ईएक्सटी३ (लिनक्सची फाइल ठेवायची पद्धत) मध्ये फॉरमॅट करून त्यावर डीसीपी कॉपी कर, कॉपी बरोबर झाली का ते हॅशने (फाइलवरून निघणारा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) तपास. आवाजासाठी रूम ईक्यू विझार्ड हे मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एक बरा मेजरमेंट माइक मिळवलास तर खोलीतला स्पीकर मोज, मग स्पीकर भिंतीजवळ सरकव आणि परत मोज. चांगला मल्टिमीटर घे, सोल्डरिंग शीक, एक्सएलआर (साउंडची केबल) आणि नेटवर्क केबलची टोकं स्वतः बनव आणि टेस्टरवर तपास.

हे सगळं करताना वही ठेव. तारीख, काय केलं, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, काय कळलं नाही. मुलाखतीला जाताना ती वही घेऊन जा. आणि त्यांनाही दोन गोष्टी विचार : पहिल्या वर्षी कुणाच्या हाताखाली काम करायचं, आणि कंपनीकडे स्वतःचे मीटर आहेत का, शेवटचं कॅलिब्रेशन कधी केलं होतं.